राइफेनबोडनची पाटी

ऑगस्टातल्या त्या शनिवारी ओस्कार आमान यांनी डोंगर चढताना अकरा वेळा थांबून फुलं पाहिली.

ज्यांना आमानसाहेब माहीत नाहीत त्यांना यात काही वावगं वाटणार नाही. माणूस डोंगरावर जातो, फुलं पाहतो. पण हा माणूस सदतीस वर्षं रेल्वेच्या वेळापत्रक विभागात काढून निवृत्त झालेला. सत्त्याहत्तर वर्षांच्या आयुष्यात त्याने एखाद्या फुलाकडे वळून पाहिल्याचं कुणाला आठवत नव्हतं. बायको हयात असताना लग्नाच्या वाढदिवसाला ते एकदा फुलकोबी घेऊन आले होते, आणि त्यात हसण्यासारखं काय आहे ते त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. फुलकोबी ताजा होता. अशा माणसाने त्या वसंतात रानफुलं ओळखण्याचं एक छोटं पुस्तक विकत घेतलं, आणि चढाच्या वाटेवर दर दहा-पंधरा मिनिटांनी ते उघडून उभं राहायला सुरुवात केली.

"रेगुला, हे बघ," ते म्हणायचे. पुढचं वाक्य यायला वेळ लागायचा. "हे... जेन्शियन... असावं."

त्यांची मुलगी रेगुला सहा पावलं मागे असायची. सत्तेचाळीस वर्षांची, शहराच्या ग्रंथालयात पुस्तकांची सूची करणारी. वाचलेलं पुष्कळ, बोलणं बेताचं. तीही थांबायची.

"असेल, बाबा," ती म्हणायची.

आता पाटीबद्दल सांगायला हवं, कारण सगळं रामायण त्या पाटीचं. लाउएनमाट गावात बस थांबते तिथेच एक पिवळी पाटी आहे. तिच्यावर लिहिलं आहे: राइफेनबोडन, दोन तास दहा मिनिटं. राइफेनबोडन म्हणजे वरचं कुरण. या देशात लोक देवाबद्दल शंका घेतात, पाद्र्याबद्दल घेतात, हवामानखात्याबद्दल तर घेतातच. पिवळ्या पाटीबद्दल कुणी घेत नाही. तिच्यावरची वेळ कुणाच्या अंदाजाने लिहिलेली नसते. उंची, अंतर, उतार हे सगळं एका सूत्रात घालून ती कचेरीत काढलेली असते, न थांबता चालणाऱ्या माणसासाठी. चाळीस वर्षं, उन्हाळ्यातल्या दर शनिवारी, आमानसाहेब या पाटीपाशी घड्याळ बघून निघाले आणि बरोबर दोन तास दहा मिनिटांनी वर कुरणाच्या फाटकाला त्यांनी हात लावला. एखादं मिनिट आधी पोचायची वेळ आली तर ते फाटकाच्या अलीकडे उभे राहून ते मिनिट संपवत. वेळेआधी पोचलेली गाडी ही उशिरा पोचलेल्या गाडीइतकीच चुकीची असते, हे त्यांचं मत.

तीन वर्षांपूर्वी त्यांना दोन तास पंधरा मिनिटं लागली. त्यांनी घड्याळ दुरुस्तीला दिलं. घड्याळात दोष निघाला नाही. तेव्हा उरलेला निष्कर्ष त्यांनी काढला: पाटी चुकली आहे.

मग जिल्ह्याच्या पायवाट मंडळाला पहिलं पत्र गेलं. सोबत तक्ता: तारीख, हवा, पाठीवरच्या पिशवीचं वजन, सकाळी काय खाल्लं. मंडळाचं उत्तर आलं की वेळ सूत्रानुसार असून ती सर्वसाधारण प्रकृतीच्या व्यक्तीसाठी आहे. 'सर्वसाधारण' हा शब्द त्यांना दोन दिवस लागून राहिला. पुढच्या वर्षी दोन तास पंचवीस मिनिटं लागली. मग वाट कुठेतरी सरकली आहे, मंडळाने घातलेल्या दगडी पायऱ्या नियमापेक्षा उंच आहेत, असे मुद्दे निघाले. एका पत्रात तर त्यांनी आल्प्स पर्वत दरवर्षी मिलिमीटरभर वाढतो हे शास्त्रज्ञांचं म्हणणं मंडळाच्या नजरेस आणून दिलं. त्या हिशेबाने पाच मिनिटं जास्त लागायला चाळीस हजार वर्षं जावी लागली असती, हे रेगुलाने तोंडातल्या तोंडात मोजलं आणि तोंडातच ठेवलं. अशी अकरा पत्रं गेली.

तर त्या शनिवारी दोन तास पन्नास मिनिटं लागली.

वर व्रेनीची झोपडी आहे. व्रेनी उन्हाळाभर कुरणावर गाई राखते, चीज करते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दुधाची कॉफी देते. तिच्या बाकावर आमानसाहेब अर्धा तास काही न बोलता बसले. देखावा बघत असतील, असं रेगुलाने स्वतःला सांगितलं. मग त्यांनी वही काढली.

"दोन तास पन्नास. न थांबता."

"न थांबता?"

"फुलं बघणं म्हणजे थांबणं नव्हे. गाडी स्टेशनात उभी राहते ते वेळापत्रकात धरलेलंच असतं." त्यांनी वही पुढे केली. "इथे सही कर. साक्षीदार म्हणून. आता बघू काय म्हणतात ते."

रेगुलाने त्यांच्याकडे पाहिलं. जांभळी बोरं खाल्लेल्या पोरासारखे त्यांचे ओठ निळसर दिसत होते. बोरं कुणी खाल्ली नव्हती.

तिने सही केली.

दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, आमानसाहेबांनी बारावं पत्र लिहिलं, पाकीट बंद केलं, तिकीट लावलं, आणि ते पेटीत टाकायला जावं म्हणून बुटाच्या नाड्या बांधायला खाली वाकले. ते वर आले नाहीत.

"हृदय. बरेच दिवसांचं असणार हे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तुम्हाला काही जाणवलं नव्हतं का? धाप लागणं वगैरे?"

"फुलं बघायचे," रेगुला म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. दुःखात माणसं काहीही बोलतात.

अंत्यविधी झाला, पाहुणे गेले, आणि शेल्फवर ते पाकीट तसंच राहिलं. आमानांच्या घरात तिकीट लावलेलं पत्र घरात राहत नसे. रेगुलाने ते पेटीत टाकलं. पेटीचं झाकण खाली पडल्याचा आवाज झाला तेव्हा आपण हे काय केलं असं तिला वाटलं. पण टपालखात्याने आजवर कुणाला पत्र परत दिलेलं नाही.

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. पायवाट मंडळाचे निरीक्षक कास्पर इमहोफ यांनी कळवलं होतं की तक्रार आता साक्षीदाराच्या सहीसह आल्यामुळे नियम चौदानुसार प्रत्यक्ष पाहणी होईल, तक्रारदाराने डोंगरी बूट घालून हजर राहावं. रेगुलाने दोन ओळी लिहिल्या: तक्रारदार वारले, कृपया प्रकरण बंद करावं. उत्तरात मनापासून केलेलं सांत्वन होतं आणि त्याच्या पुढच्याच ओळीत 'तथापि' होतं. तक्रार फक्त तक्रारदाराला स्वहस्ते मागे घेता येते. तक्रारदार दिवंगत असल्यास ती चालू राहते आणि साक्षीदारावर येते. तिने फोन लावला.

"म्हणजे माझे वडील हयात असते तरच ही तक्रार बंद झाली असती?"

"हयात असते तर त्यांनी ती बंद केली असती का?" इमहोफसाहेबांनी विचारलं. आवाज म्हाताऱ्या माणसाचा होता.

"नाही."

"मग फरक काय पडला, फ्रॉयलाइन आमान?"

सत्तेचाळिसाव्या वर्षी कुणी आपल्याला फ्रॉयलाइन, म्हणजे कुमारी, म्हणावं याचा तिला राग आला. पण तो राग काढायला दिवस बरा नव्हता.

तळमजल्यावरच्या हेगीबाईंना ही बातमी धुलाईच्या खोलीत कळली. त्या इमारतीत तळघरात एकच धुलाईचं यंत्र होतं आणि भिंतीवर वारांचा तक्ता. गुरुवार आमानांचा, शुक्रवार हेगीबाईंचा. एका गुरुवारी रात्री आठनंतर आमानसाहेबांचे मोजे दोरीवर राहिले, तेव्हापासून बावीस वर्षं त्या दोघांत लेखी व्यवहार होता. अंत्यविधीत सगळ्यात मोठ्याने हेगीबाईच रडल्या होत्या.

"तू जायचंस," हेगीबाई म्हणाल्या. "आणि पाटी चुकीची आहे हे त्या लोकांच्या नाकावर टिच्चून सिद्ध करायचंस. तुझा बाप मोजे विसरला असेल, पण वेळेत चुकणारा माणूस नव्हता तो."

"हेगीबाई, त्यांनी स्वतःच—"

"बिब्ब्यासारखं तोंड नको करूस. मीपण येते."

त्यानंतर जिन्यावर जो भेटे तो सल्ला देई. तिसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त दंतवैद्यांनी चालायच्या काठ्या आणून दिल्या आणि त्या कशा धरायच्या ते दाखवताना पायरीवरून घसरून स्वतःचा चष्मा फोडला. त्यांच्या बायकोने पायांना बकरीच्या दुधाचं मलम सांगितलं. कुणी म्हणालं वकील करा. कुणी म्हणालं, जाऊच नका, काय फासावर देणार आहेत? रेगुलाने सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि मान हलवली. आपण का जाणार आहोत हे तिने कुणाला सांगितलं नाही.

कारण साधं होतं. पाटी चुकीची निघाली तर बाबा नुसते हट्टी होते, आणि त्या शनिवारी बघण्यासारखं काही घडलंच नव्हतं. पाटी बरोबर निघाली तर बाबा तीन वर्षं आजारी होते, आणि ती सहा पावलं मागे चालत होती. पाटी चुकीची निघावी म्हणून ती रोज, स्वतःशी लाजत, प्रार्थना करू लागली. ग्रंथालयात बसून तिने पायवाटांच्या वेळा काढण्याचं सूत्रही शोधून वाचलं. त्यात चूक सापडली नाही. पण सूत्र कागदावरचं असतं, डोंगर डोंगरावर असतो, असं तिने मनाला बजावलं.

सप्टेंबरचा शेवटचा शनिवार ठरला. पुढच्या आठवड्यात गाई खाली येणार होत्या. बसमधून उतरल्या उतरल्या हेगीबाईंनी नवे कोरे बूट दाखवले. ते आदल्याच दिवशी घेतले होते. डोंगराची थोडीसुद्धा माहिती असलेला माणूस हे ऐकून डोळे मिटून घेईल.

इमहोफसाहेब पाटीपाशी उभे होते. पंचाहत्तरीचे, गळ्यात स्टॉपवॉच, हातात लाकडी फळीवर चिमट्याने लावलेला फॉर्म. एका गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली. त्यांनी टोपी काढून रेगुलाचा हात बराच वेळ हातात धरला, आणि मग टोपी घालून ते सरकारी झाले.

"प्रथम मोजणी-व्यक्ती निश्चित करायची. वय वीस ते साठ, प्रकृती सर्वसाधारण, विशेष सराव नसावा. मी वयात बसत नाही."

"मी बसते," हेगीबाई म्हणाल्या.

"आपलं वय, बाई?"

हेगीबाईंनी एकाएकी समोरच्या शिखराकडे लक्ष दिलं.

"मग आपणच," इमहोफसाहेब रेगुलाकडे वळले. "व्यायाम?"

"नाही."

"काम बैठं?"

"हो."

"काही विशेष व्याधी? विशेष कौशल्य? काहीच विशेष नाही?"

"नाही," रेगुला म्हणाली.

"उत्तम." आणि त्यांनी फॉर्मवर मोठ्याने म्हणत लिहिलं, "सर्व...साधारण." ज्या शब्दाने बापाच्या जिव्हारी घाव घातला होता तो आता मुलीच्या नावापुढे अधिकृतपणे नोंदला गेला. खाली शिक्कासुद्धा होता.

नऊ वाजून वीस मिनिटांनी ते निघाले. अर्धा तास चढून, पहिलं वन संपतं तिथे, इमहोफसाहेबांनी वेळ बघायला स्टॉपवॉच उचललं आणि ते तसंच हातात धरून उभे राहिले.

"काय झालं?" रेगुलाने विचारलं.

"बटण," ते म्हणाले. "दाबायचं राहिलं."

"मग अर्धा तास धरा की!" हेगीबाई ओरडल्या.

"धरता येत नाही, बाई. नियम सहा. आरंभ पाटीपासून."

"मी खाली उतरणार नाही. माझ्या टाचेला आत्ताच फोड आलाय."

"मग आपण इथे थांबा."

"एकटी? गाईंमध्ये?"

तिघं खाली उतरले. उतरताना हेगीबाई रेल्वे, टपालखातं, पायवाट मंडळ, बूट विकणारा आणि इमहोफसाहेबांचा गुडघा यांच्याबद्दल क्रमाने बोलल्या. दुसऱ्यांदा सुरुवात झाली तेव्हा बटण दाबल्याची तिघांनी आळीपाळीने खात्री केली.

दुसरी अडचण वाटेवर बसली होती. सात गाई, चार आडव्या, तीन उभ्या, सगळ्या रवंथ करत. नियमानुसार गाईंमुळे गेलेला वेळ वजा होतो. पण तो वजा करायचा तर गाई उठल्याची वेळ नोंदायला हवी, आणि इमहोफसाहेब ती नोंदायला वाकले तेव्हा एका तपकिरी गाईने फॉर्मचा खालचा अर्धा भाग शांतपणे तोंडात घेतला. त्यांनी ओढला. गाईनेही ओढला. फळी तेवढी वाचली.

"शिक्का गेला," ते म्हणाले. चेहऱ्यावर खरंखुरं दुःख होतं.

"गाईला 'सर्वसाधारण' पचेल का?" हेगीबाईंनी विचारलं. त्या दिवसात प्रथमच रेगुलाला हसू आलं, आणि लगेच बाबांना हे सांगायला हवं असंही वाटलं.

इमहोफसाहेब दगडावर बसले. गुडघा सुजला होता. हेगीबाईंनी बूट काढून मोज्यातलं रक्त सगळ्यांना दाखवलं. शेवटी इमहोफसाहेबांनी स्टॉपवॉच गळ्यातून काढून रेगुलाच्या गळ्यात घातलं.

"आपण पुढे व्हा. आम्ही येतो मागून, सावकाश. गाईंची अकरा मिनिटं शेवटी वजा करायची. घाई करू नका, रेंगाळू नका. रोज चालता तसं चाला."

ती निघाली.

आता ती एकटी होती आणि वेळ तिच्या गळ्यात होती. कुणी बघत नव्हतं. पंधरा मिनिटं एखाद्या दगडावर बसून राहणं काही अवघड नव्हतं. वर जाऊन आकडा सांगायचा, संपलं. तिने खरंच चाल मंद करून पाहिली. पण पायांना ते माहीत नव्हतं. सहा वर्षांची असल्यापासून ही वाट त्यांनी बाबांच्या मागे, बाबांच्या तालावर चढली होती. ते पाय तिचं न ऐकता आपल्या गतीने चालत राहिले.

मग ती वळणं आली.

पहिलं फूल, म्हणजे बाबांनी जिथे पहिल्यांदा पुस्तक उघडलं होतं ती जागा, ओढ्यावरच्या फळीनंतर होती. तिथे चढ एकदम उभा होतो. दुसरं, जिथे पायऱ्या सुरू होतात तिथे. तिसरं, पायऱ्या संपतात तिथे. चौथं, पाचवं. जिथे जिथे तिच्या स्वतःच्या छातीत श्वास कमी पडू लागला तिथे तिथे एकेक जागा येत गेली, जणू कुणी उंची मोजून खुंट्या ठोकाव्यात. सप्टेंबरात फुलं नव्हतीच, गवत पिवळं पडलं होतं. पण आठवी जागा उघड्या खडकाची होती. वर खडक, खाली खडी, मध्ये वाट. तिथे ते सगळ्यात जास्त वेळ थांबले होते. पुस्तक उलटं धरलं होतं. "हे... जेन्शियन," ते म्हणाले होते.

त्या खडकावर कधी काही उगवलं नसणार. ते तिला त्या दिवशीही दिसलं होतं.

ती थांबली नाही. थांबली असती तर वेळ वाढली असती, आणि आता तिला ती वाढवायची नव्हती. का ते तिला सांगता आलं नसतं.

फाटकाला हात लावून तिने बटण दाबलं. गाईंची अकरा मिनिटं वजा जाता दोन तास आठ मिनिटं. नियमाप्रमाणे पाचाच्या पटीत: दोन तास दहा.

कुरण मोकळं पडलं होतं. गवत कापून झालेलं, त्यावर ढगांच्या सावल्या, खाली दूर कुठेतरी घंटा. व्रेनी भांडी घासता घासता बाहेर आली.

"एकटीच? आणि ते कुठे आहेत तुझे?"

रेगुलाने सांगितलं. व्रेनीने हात एप्रनला पुसले आणि तिच्याशेजारी बाकावर बसली.

"मी म्हटलं होतं त्यांना," व्रेनी म्हणाली. "जुलैमध्ये. म्हटलं, आमानसाहेब, दम लागतोय, डॉक्टरला दाखवा. तर म्हणाले, डॉक्टरला पाठव त्या पाटीकडे, दुखणं तिला आहे. आम्ही हसलो. काय करणार? माणूस असा बोलला की हसूच येतं."

"तू म्हणालीस त्यांना," रेगुला म्हणाली.

"हो. मी काय, परकी बाई. परक्याला तोंड असतं." व्रेनी उठली. "कॉफी आणते."

तासाभराने फाटकातून इमहोफसाहेब आणि हेगीबाई आले. एकमेकांना धरून आले. हेगीबाईंच्या पायांत इमहोफसाहेबांचे लोकरी मोजे होते आणि बूट हातात. इथल्या डोंगरात एका उंचीच्या वर बरोबर चढणारी माणसं एकमेकांना 'तू' म्हणतात, खाली उतरेपर्यंत. तो रिवाज त्यांनी पाळलेला दिसत होता.

"कास्पर म्हणतो मी पोचणार नाही," हेगीबाई म्हणाल्या. "पोचले की नाही रे?"

"पोचलीस, ट्रूडी." इमहोफसाहेब बाकावर कोसळले. कॉफी आली. अर्धा पेला झाल्यावर त्यांनी हात पुढे केला. "दाखव, रेगुला."

तिने स्टॉपवॉच दिलं. त्यांनी ते पाहिलं, चष्मा काढून पाहिलं, पुन्हा चष्मा घालून पाहिलं. मग अर्ध्या उरलेल्या फॉर्मकडे पाहिलं.

"एकतीस वर्षं मी या मंडळात आहे," ते म्हणाले. "पाट्या रंगवतो, खांब सरळ करतो. एकतीस वर्षांत मला पत्र लिहिणारा एकच माणूस. बारा पत्रं. तक्त्यासह. तुला सांगतो, सकाळी पेटी उघडताना मी आधी त्यांचं अक्षर शोधायचो. चिडून का असेना, पण आमच्यात संवाद होता." त्यांनी नाक शिंकरलं. "मोजणी आज धड झालीच नाही. आधी बटण. मग गाई. वजा केलेली अकरा मिनिटं बरोबर होती असं मी शपथेवर सांगू शकत नाही. फॉर्म गाईने खाल्ला, तो नवा भरावा लागेल. नव्यात मी दोन तास पंचवीस लिहिलं तर विचारणारं कुणी नाही. वसंतात नवी पाटी लागेल. वीस वर्षं राहते एक पाटी."

या देशात, पिवळ्या पाटीच्या बाबतीत, हातात पेन असलेल्या निरीक्षकाने असं म्हणणं म्हणजे काय ते सांगून कळणार नाही. व्रेनी किटली हातात धरून जागच्या जागी उभी राहिली.

"लिही, कास्पर," हेगीबाई म्हणाल्या. "माणूस गेला बिचारा. पंधरा मिनिटांनी कुणाचं काय जातंय? येणारे-जाणारे जरा लवकर पोचतील, खूश होतील. लिही तू. रेगुला, सांग त्याला."

इमहोफसाहेबांनी पेनाचं टोपण काढलं आणि ते तिच्याकडे बघत राहिले.

हेच तर तिला हवं होतं. रोज मागितलेलं होतं. वसंतात नवी पाटी लागली असती, आणि पुढची वीस वर्षं बसमधून उतरणाऱ्या प्रत्येक माणसाला त्या पाटीने सांगितलं असतं की ओस्कार आमान यांचं बरोबर होतं, ते धडधाकट होते, त्यांच्या मागून चालणाऱ्या कुणाला काही दिसायचंच नव्हतं.

"नको," रेगुला म्हणाली. "पाटी बरोबर आहे."

"अगं, पण—"

"ट्रूडी, थांब," इमहोफसाहेब म्हणाले.

रेगुला उठली होती. ती त्यांच्यापैकी कुणाकडे बघत नव्हती. फाटकापाशी वाट जिथून वर येते तिकडे बघत होती. बाई आयुष्यभर हळू बोललेली. पण आवाज कुरणभर ऐकू जाईल एवढा मोठा निघाला.

"बाबा, पाटी बरोबर होती. तुला दम लागत होता. मला पहिल्या दिवसापासून दिसत होतं. मी बोलले असते तर तुझं चढणं बंद झालं असतं, आणि मग शनिवारी मी कुठे गेले असते? तुझ्याबरोबर यायला मला आवडायचं, बाबा. म्हणून मी गप्प बसले."